बकासुराचा गाडा अजून भरतोच आहे!

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सेलू तालुक्यात केळझर लागते. टेकडीवर सिद्धिविनायकाचे स्थान आहे आणि विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे येथील लोकपरंपरा पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहे. एकचक्रेचा मान सांगणारी गावे देशात इतरही आहेत. परंतु केळझरच्या माणसाला बकासुराची कथा शिकवावी लागत नाही, ती त्याने आजीच्या मांडीवरच ऐकलेली असते.

कथा सर्वांना ठाऊक आहे. नगराबाहेर बक नावाचा राक्षस राहत होता. नगरवासीयांनी त्याच्याशी करार केला होता. दररोज एका घराने गाडाभर अन्न, गाडा ओढणारे दोन रेडे आणि गाडा नेणारा एक माणूस पाठवायचा. राक्षस अन्नही खाई, रेडेही खाई आणि माणसालाही सोडीत नसे. पाळी पुन्हा येण्यास बरीच वर्षे लागत, म्हणून ज्याची पाळी नसे तो शांत झोपे. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते, त्याची पाळी आली तेव्हा घरात आक्रोश उठला. त्या वेळी तो गृहस्थ कुंतीला जे सांगतो ते या कथेचे मर्म आहे. ते कीर्तनातून सहसा निसटते. तो म्हणतो, या प्रदेशाला राजा आहे. तो वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहतो. परंतु प्रजेच्या रक्षणाचा उपाय तो योजीत नाही. राक्षस बलवान होता म्हणून एकचक्रा गांजली हे अर्धे सत्य झाले. राजा होता आणि तरीही नसल्यासारखा होता, हे उरलेले अर्धे सत्य.

आज त्याच सेलू तालुक्यातून नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग जातो आणि समृद्धी महामार्गही जातो. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. रस्ते झाले हे उत्तमच झाले. राष्ट्राच्या शरीरातील रक्तवाहिन्या रुंद झाल्याच पाहिजेत. कोणत्या एका रस्त्याचा वा कोणत्या एका कंपनीचा हा प्रश्न नव्हे. प्रश्न आहे तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या कामाच्या तळाशी असलेल्या माणसाचा. उद्घाटनाच्या कोनशिलेवर त्याचे नाव नसते. आणि तो ज्या कागदावर जगतो, त्या कागदावरही नसते.

त्या माणसाला कार्यालयीन भाषेत उपकंत्राटदार म्हणतात. कामाच्या जागेवर त्याला पोटकंत्राटदार किंवा पेटी कंत्राटदार म्हणतात. लोकांनी शब्द नेमका निवडला आहे. मोठ्याच्या पोटात राहून काम करणारा तो पोटकंत्राटदार! आणि हिशेबाच्या दिवशी त्या पोटातच जिरून जाणाराही तोच!

पाळीची तरी नोंद होती

काम कसे खाली उतरते हे पाहिले पाहिजे. मोठी निविदा मोठ्या कंपनीला मिळते. ती मातीकाम एकाला, मोऱ्या दुसऱ्याला, काँक्रीट तिसऱ्याला देते. तो मातीकामवाला मुरुमाची वाहतूक चौथ्याला देतो. चौथ्याने स्वतःची दोन एकर जमीन तारण ठेवून कर्जाने टिप्पर घेतलेला असतो. प्रत्येक पायरीवर दर खाली येतो आणि उधारीची मुदत वर चढते. लेखी आदेश असलाच तर पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत असतो. त्याखाली सगळा कारभार फोनवरच्या शब्दावर आणि साहेबाच्या माणसाने डायरीत केलेल्या फेऱ्यांच्या नोंदीवर चालतो.

शासकीय करारांत पूर्वपरवानगीशिवाय काम दुसऱ्यास देण्यास सामान्यतः मनाई असते. म्हणजे नियमाच्या दृष्टीने हा चौथा माणूस अस्तित्वातच नसतो. परंतु कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याला तो ठाऊक असतो, मुकादमाला ठाऊक असतो, गावातल्या पानटपरीवाल्यालाही ठाऊक असतो. सर्वांना दिसणारा आणि कोणत्याही दप्तराने न पाहिलेला असा हा माणूस आहे.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात एका पस्तिशीतल्या तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. त्याने जलजीवन मिशनच्या पाणीपुरवठ्याची कामे केली होती. सुमारे १ कोटी ४० लाख रुपयांचे येणे थकले होते आणि डोक्यावर कर्ज होते, असे त्या वेळी पुढे आले. सारा महाराष्ट्र हळहळला. पण शासनाच्या बाजूने जे स्पष्टीकरण आले ते अधिक विचार करायला लावणारे होते. या नावाने कोणतेही काम दिलेले नाही, कोणतेही देयक प्रलंबित नाही. कदाचित उपकंत्राट घेतले असावे, त्याची नोंद शासनाकडे नाही, असा त्याचा आशय होता.

दप्तराच्या दृष्टीने हे उत्तर अचूक असेलही. नेमकी तीच त्याची भीषणता आहे! नळाला पाणी यावे म्हणून ज्याने चर खणले आणि नळ जोडले, त्याच्याविषयी व्यवस्थेला एकच गोष्ट खात्रीने सांगता आली. ती ही, की तो आमच्या कागदावर नाही. महाभारतात भीमाने बकासुराला मारून त्याचे कलेवर नगराच्या वेशीत आणून टाकले, तेव्हा नगरवासीयांनी पहिला हिशेब कोणता केला? काल पाळी कोणाची होती? आणि तो गृहस्थ त्यांना तत्काळ सापडला. राक्षसाच्या तोंडी माणसे देणाऱ्या त्या अभागी नगरातही पाळीची नोंद चोख होती. एकविसाव्या शतकातील महाराष्ट्रात तेवढीही नाही.

‘वरून आले की देऊ’

पोटकंत्राटदाराला मिळणारे उत्तर ठरलेले असते: ‘वरून पैसे आले की देऊ.’ हे चार-पाच शब्द ऐकायला निरुपद्रवी वाटतात. त्यांचा अर्थ मात्र असा होतो की वरच्याचा सगळा धोका खालच्याने उचलायचा. शासनाने कंपनीला उशीर केला, तर तो उशीर खाली सरकतो. कंपनीचा शासनाशी वाद झाला, तर त्या वादाशी काडीचाही संबंध नसलेल्याचे देयक अडकते. पैसे वरून प्रत्यक्षात आले की नाही, हे तपासण्याचा कोणताही मार्ग खालच्याला नसतो. ‘वरून’ म्हणजे नेमके कोठून, हे विचारण्याची सोय नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. दहा लाखांचे काम आहे. त्यात दहा टक्के नफा धरला, तर लाख रुपये. उरलेले नऊ लाख म्हणजे डिझेल, मजुरी, टायर, चालकाचा पगार, यंत्राचे भाडे. हे पैसे त्याने आधीच घातलेले असतात, कारण डिझेल पंपावर ‘वरून आले की देतो’ चालत नाही आणि शनिवारी मजुरांपुढे तर मुळीच चालत नाही. नऊ लाखांवर महिना दोन टक्क्यांनी व्याज होते अठरा हजार. म्हणजे सहाव्या महिन्यात नफा संपतो आणि सातव्यापासून हा माणूस स्वतःच्या खिशातून राष्ट्राचा रस्ता बांधू लागतो! त्यातच पाच टक्के सुरक्षा ठेव म्हणून रोखून धरलेले पन्नास हजार दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत हाती येत नाहीत.

तो वस्तू व सेवा करासाठी नोंदणीकृत असेल, तर आणखी एक गंमत आहे. देयक दिले की त्यावरील अठरा टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजारांचा कर त्याच्या नावे लागतो. आधी भरलेल्या कराची वजावट जाऊन जे उरेल ते पुढच्या महिन्यात भरायचे, मग देयकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. विलंब झाला तर व्याज. एका हाताने सरकार त्याच्याकडून न मिळालेल्या पैशावर कर घेते आणि दुसऱ्या हाताने सांगते की तो आमच्या कागदावर नाही. कर घेताना मात्र त्याचे नाव, क्रमांक, पत्ता, सारे काही कागदावर असते!

या साखळीत खरा सावकार कोण, असा प्रश्न विचारला पाहिजे. व्याज न घेता, तारण न घेता, मुदत न ठरवता जो मोठमोठ्या कंपन्यांना आणि प्रसंगी प्रत्यक्ष शासनाला पैसे पुरवतो, तो हा दोन एकरवाला आहे. बँक त्याला उभे करीत नाही आणि तो मात्र सर्वांना उभे करतो. विदर्भात शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा होते आणि ती झालीच पाहिजे. परंतु शेतीतून बाहेर पडून काही उद्योग करावा, म्हणून त्याच शेतकऱ्याच्या मुलाने टिप्पर घेतला, तर तो एका उधारीतून दुसऱ्या उधारीत पडतो, हे कोणी पाहिले आहे काय?

कायदा आहे, पण दार अरुंद आहे

कायदाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९३ मध्ये लघुउद्योगांच्या विलंबित देण्यांवर व्याज देण्याचा कायदा झाला आणि २००६ मध्ये सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्याची भाषा खणखणीत आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे लेखी ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजे आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असता कामा नये. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवस. मालात वा सेवेत खोट असेल, तर खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी आक्षेप घ्यावा; न घेतल्यास ती स्वीकारली असे समजले जाते. मुदत टळली, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज. बँक दर साडेपाच टक्के धरला, तर हे व्याज साडेसोळा टक्के होते. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते आणि तिने ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. निकालाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. ऑक्टोबर २०१७ पासून ‘समाधान’ संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोय झाली. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात तरतूद केली, की सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे मुदतीत न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजावटीस पात्र धरला जाणार नाही.

मग अडते कोठे? तीन ठिकाणी अडते.

पहिले, मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यांत ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे साहित्य व मजुरी एकत्र असलेले बांधकामाचे कंत्राट या कायद्याच्या परिषदेच्या कक्षेबाहेर मानले गेले आहे. त्यांतील एक वाद तर वर्ध्याच्या नगरपालिकेशी संबंधितच होता. नुसता मुरूम पुरवणारा किंवा नुसते यंत्र भाड्याने देणारा या कायद्यात बसू शकतो. परंतु मोरी बांधून देणारा दाराबाहेर राहतो. मोरी बांधणाऱ्याचा घाम मुरूम वाहणाऱ्याच्या घामाहून वेगळा असतो काय?

दुसरे, उद्यम नोंदणी. ती करारापूर्वीची असावी की नंतरची चालेल, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झडले आहेत. ज्या तरुणाला नोंदणीचे महत्त्व पहिले देयक बुडाल्यावर कळते, त्याला त्या देयकापुरता उशीर झालेला असतो.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे भय. तक्रार केली की पुढचे काम बंद. एका कंपनीविरुद्ध अर्ज करणाऱ्याला दुसरी कंपनीही उभे करीत नाही, ही समजूत कामाच्या प्रत्येक जागेवर पसरलेली आहे. नादारीच्या कायद्याचे दारही त्याला बंद आहे. २०१६ च्या त्या कायद्याखाली अर्ज करण्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक लाख रुपये होती. २४ मार्च २०२० रोजी ती एक कोटी करण्यात आली. मोठ्यांना संकटात सावरण्यासाठी ती वाढवली हे मान्य. परंतु ज्याचे बारा लाख अडकले आहेत, त्याच्या हातातील एकमेव काठीही तेव्हा काढून घेतली गेली, हेही मान्य करावे लागेल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

काहीजण म्हणतील, हा दोन खासगी माणसांमधला करार आहे. शासनाने त्यात का पडावे? १८७२ च्या करार कायद्याच्या चौकटीत न्यायालयेही सामान्यतः हेच सांगतात, की ज्याच्याशी करार त्याच्याकडेच मागणी. परंतु मजुराच्या बाबतीत भारतीय कायद्याने ही भिंत फार पूर्वीच ओलांडली आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले, की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी. २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितांतही हे तत्त्व कायम आहे. मजुरासाठी जे न्याय्य ठरले, ते मजुराच्या शेजारी स्वतः फावडे धरणाऱ्या पोटकंत्राटदारासाठी अन्याय्य कसे ठरते?

दुसरा आक्षेप असा, की शासनाकडेच पैसे नाहीत, मुख्य कंत्राटदार तरी काय करील? यात तथ्य आहे. राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये शासनाकडे सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची देयके थकल्याचा दावा केला आणि त्यासाठी आंदोलने केली. आकड्याविषयी मतभेद असू शकतील, थकबाकीविषयी नव्हते. म्हणूनच मुख्य कंत्राटदाराला खलनायक ठरवून हात झटकता येणार नाहीत. तिजोरीत तरतूद नसताना कार्यादेश निघतात, नारळ फुटतात, छायाचित्रे छापून येतात आणि नंतर देयकांची रांग लागते. तेव्हा मूळ दोष वेत्रकीयगृहातच आहे. पण शासन देत नाही म्हणून वरच्याने खालच्याला देऊ नये, हा न्याय झाला तर बकासुराच्या भीतीने नगरवासीयांनी जे केले तेच पुन्हा होईल. प्रत्येकजण आपली पाळी टाळील आणि शेवटी गाड्यावर सर्वांत दुबळा बसेल.

तिसरा आक्षेप कुजबुजीचा असतो. हे पोटकंत्राटदार तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहेत? तेही मजुरांचे बुडवतात. होय, बुडवतात. मेळघाटातून आलेल्या जोडप्याला ‘बिल निघाले की देतो’ म्हणून रिकाम्या हाती परत पाठवणारा पोटकंत्राटदार अस्तित्वात आहे आणि त्याचे पाप लहान नाही. परंतु साखळीच्या टोकाला बुडणारी ती मजुरी हाच या व्यवस्थेवरचा सर्वांत मोठा आरोप आहे. ‘वरून आले की देऊ’ हे वाक्य पायरी पायरीने खाली येते आणि शेवटी अशा माणसाशी थांबते, ज्याच्या खाली कोणीच नाही.

कौटिल्यापासून आजवर

केलेल्या कामाचा मोबदला अडवणे हा अपराध आहे, हा विचार परदेशातून आणावा लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेतन न देणाऱ्यास वेतनाच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा सहा पणांचा दंड सांगितला आहे आणि संघाने मिळून काम करणाऱ्यांच्या वाटपाचेही नियम आहेत. राज्यशास्त्राच्या त्या ग्रंथाने मजुरीचा प्रश्न दोन माणसांमधली कुरबुर मानला नाही. तो राजाच्या न्यायासनापुढचा विषय मानला.

जगाने हेच आपापल्या वाटेने केले. अमेरिकेत १९३५ च्या मिलर कायद्याने संघराज्याच्या मोठ्या बांधकामांवर मुख्य कंत्राटदाराला देण्यांचा हमीबंध देणे भाग पाडले, म्हणजे पैसे न मिळालेल्या उपकंत्राटदाराला त्या हमीवर दावा करता येतो. फ्रान्सने ३१ डिसेंबर १९७५ च्या कायद्याने सार्वजनिक कामांत मान्यताप्राप्त उपकंत्राटदाराला थेट शासनाकडून पैसे मिळण्याची वाट उघडली. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने बांधकाम करारांतील ‘वरून आले की देऊ’ हे कलमच, नादारीचा अपवाद वगळता, निष्प्रभ ठरवले. बाजारपेठेवर अढळ श्रद्धा असलेल्या देशांना जे सुचले, ते रामराज्याचा वारसा सांगणाऱ्या देशाला सुचू नये?

विश्वकर्म्याचा वाटा

केळझर ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील आर्वी येथे १० नोव्हेंबर १९२० रोजी दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म झाला. त्यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ उभा केला. मालक आणि मजूर या दोन चौकटींत सारा समाज कोंबणाऱ्या विचारसरणीला त्यांनी नकार दिला. स्वतःच्या साधनांनी, स्वतःच्या कौशल्यावर जगणारा जो प्रचंड स्वयंरोजगारी वर्ग या देशात आहे, त्याला त्यांनी विश्वकर्मा क्षेत्र म्हटले. मजदूर संघाने श्रमदिन म्हणून विश्वकर्मा जयंती निवडली, ती याच दृष्टीने.

पोटकंत्राटदार हा त्या विश्वकर्मा क्षेत्राचा आजचा चेहरा आहे. मजूर संघटना त्याला मालक समजतात, उद्योगसंघटना त्याला मजूर समजतात, बँक त्याला जोखीम समजते आणि शासन त्याला समजतच नाही. मालकाचा मान त्याला नाही आणि मजुराचे संरक्षणही नाही. तेव्हा त्याच्यासाठी भांडण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न ठेंगडींच्या जिल्ह्यात तरी अनुत्तरित राहता कामा नये.

मागण्या मोजक्या आणि स्पष्ट आहेत. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक कामात उपकंत्राटदाराची नोंद संबंधित कार्यालयात झालीच पाहिजे, कारण बाकी सर्व हक्क या एका नोंदीतून जन्माला येतात. मुख्य कंत्राटदाराचे पुढचे देयक निघण्यापूर्वी, मागच्या देयकातील उपकंत्राटदारांचा वाटा पोहोचल्याचा दाखला जोडला गेला पाहिजे. ४५ दिवस उलटले, तर कार्यालयाने तो वाटा थेट द्यावा आणि मुख्य कंत्राटदाराच्या रकमेतून वळता करावा. ‘वरून आले की देऊ’ हे कलम कायद्याने रद्दबातल ठरवावे. २००६ च्या कायद्यात दुरुस्ती करून बांधकामाची कंत्राटे निःसंदिग्धपणे त्याच्या छत्राखाली आणावीत. आणि तिजोरीत तरतूद नसेल, तर कार्यादेशच काढू नये. यातील एकाही मागणीने तिजोरीवर नव्या रुपयाचा भार पडत नाही. भार पडतो तो फक्त सवयीवर.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वी करावी. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत यंत्रांतील गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो, म्हणजे बहुतेक सारे पोटकंत्राटदार त्यात बसतात. कार्यादेश एका पानाचा का होईना, पण लेखी घ्यावा, त्यात दर आणि देण्याची मुदत असावी. मोजमाप दोघांच्या सहीने व्हावे. प्रत्येक देयक दिनांकासह द्यावे आणि पोच घ्यावी. कराची वजावट घेतलेल्या मुख्य कंत्राटदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर ती वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते, याची आठवण त्याला लेखी करून द्यावी. हे पत्र अनेकदा वकिलाच्या नोटिशीपेक्षा लवकर वाचले जाते. दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, म्हणून ‘पुढच्या महिन्यात’ या शब्दावर वर्षे घालवू नयेत. येणे मान्य असल्याचे सहीचे एक पत्र मुदतीच्या आत मिळवले, तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्याने जाऊ नये. एकट्याला काम नाकारता येते, तालुक्यातल्या सगळ्यांना एकदम नाकारता येत नाही, कारण मग मुरूम वाहणार कोण? बकासुराचे सामर्थ्य त्याच्या दंडात होते त्याहून अधिक नगरवासीयांच्या पाळीपद्धतीत होते. आज त्याची पाळी, माझी नाही, या समाधानावर तो पुष्ट झाला. कुंतीने ते समाधान मोडले. दुसऱ्याच्या घरची पाळी तिने आपल्या घरची मानली आणि मग भीमाला गाड्यावर बसवले. पराक्रम भीमाचा खरा. परंतु त्याच्या आधीचा निर्णय कुंतीचा होता.

केळझरच्या टेकडीवर चतुर्थीला विघ्नहर्त्याच्या दर्शनाची रांग लागते. त्या रांगेत टिप्परचा हप्ता थकलेला एखादा तरुणही असतो. देवाकडे तो काय मागत असेल? दान नाही, अनुदान नाही, कर्जमाफीही नाही. झालेल्या कामाचे पैसे! एवढे साधे मागणे देवापुढे मांडण्याची वेळ ज्या राज्यात येते, त्या राज्याच्या वेत्रकीयगृहात दिवे कितीही लखलखोत, रक्षण करणारा तेथे कोणी नाही असेच म्हणावे लागेल.